शिडाच्या होडीला विमानतळाचे नियम

जर्सी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर उभं राहिलं की स्वच्छ हवेत फ्रान्स नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मधलं पाणी वीस-बावीस किलोमीटरचं. बेटावरची माणसं पिढ्यान् पिढ्या ते लहान होड्यांतून ओलांडत आली. भरती साधून निघायचं, पलीकडच्या एखाद्या बंदरात जेवायचं आणि पुढच्या भरतीला परत फिरायचं. जर्सी आणि गर्न्सी ही बेटं ब्रिटिश राजमुकुटाखाली असली तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाहीत, त्यामुळे युरोपीय संघ सोडण्यावरच्या २०१६ च्या सार्वमतात तिथे मतदान झालंच नाही. तरीही ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि १ जानेवारी २०२१ पासून त्या दुपारच्या जेवणाच्या आड युरोपीय संघाची बाह्य सीमा उभी राहिली. जाताना शिक्का, येताना शिक्का आणि दिवसांची मोजदाद.

ब्रिटनमध्ये शिडाच्या नौका घेऊन हौसेनं फिरणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि गेली काही वर्षं त्यांची गाऱ्हाणी सतत कानावर येतात. त्यातली सगळीच मला पटत नाहीत. एक मात्र मनापासून पटतं. छोट्या होडीतून येणाऱ्या माणसाला युरोपची सीमा प्रामाणिकपणे, सगळे कागद दाखवून ओलांडायची असली, तरी तशी ती ओलांडण्याची सोय युरोपच्या बहुतांश किनाऱ्यावर नाही. हे नियम विमानतळ आणि फेरीबोटीचा धक्का डोळ्यांसमोर ठेवून घडले. समुद्रावर ते लागू करताना वारा, भरती आणि रात्रभर जागून थकलेला माणूस यांचा विचार कुणी केला नाही. खेद याचा वाटतो की तो विचार करायला नवा कायदासुद्धा करावा लागत नाही.

आधी नियम समजून घेऊ. ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात, जायला व्हिसा लागत नाही, पण कोणत्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही. हे १८० दिवस म्हणजे कॅलेंडरातलं अर्धं वर्ष नव्हे. रोज मागे वळून नव्यानं मोजायचे असतात, आणि त्यात आल्याचा दिवसही धरायचा, निघाल्याचाही. पासपोर्ट प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांहून जुना नसावा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा असावा. त्यावर होडीची नोंदणी, व्हॅट भरल्याचा पुरावा, रेडिओचा परवाना, विमा. हौशी नाविकाला ब्रिटनमध्ये परवाना लागत नाही, पण युरोपातल्या अनेक ठिकाणी नौकानयनाच्या कौशल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मागतात, आणि कालव्यांतून जायचं असेल तर तिथल्या वाहतुकीच्या नियमांची परीक्षा वेगळी. मांस आणि दुधाचे पदार्थ संघाबाहेरच्या देशातून आणायला बंदी, म्हणजे होडीतलं खाणंपिणंही तपासणीच्या कक्षेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाची नवी प्रवेश-निर्गम प्रणाली टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. तिच्यात शाईच्या शिक्क्याऐवजी चेहऱ्याचं छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात, नोंद तीन वर्षं राहते आणि दिवस संगणक मोजतो. तिच्यामागून एटियास नावाची आगाऊ प्रवास-परवानगी यायची आहे, तिचं शुल्क २० युरो ठरलं आहे.

नव्वद दिवसांच्या मर्यादेबद्दल माझं मत बहुतेक ब्रिटिश नाविकांना आवडणार नाही. ही मर्यादा त्यांच्यासाठी मुद्दाम काढलेली नाही. संघाबाहेरच्या ज्या-ज्या देशांना व्हिसामाफी आहे, त्या सगळ्यांना ती आधीपासून लागू होती, आणि ब्रिटनही त्या काळात संघाचा सदस्य होता. फक्त होडी आहे म्हणून कुणाला १८० दिवस द्यावेत, ही मागणी मला न्याय्य वाटत नाही. पण या मर्यादेतून जी विसंगती तयार झाली ती खरी आहे. संघाबाहेरच्या मालकाची संघाबाहेर नोंदलेली होडी युरोपीय पाण्यात तात्पुरत्या आयातीच्या सवलतीखाली १८ महिने राहू शकते आणि तिचा मालक मात्र नव्वद दिवस. ग्रीसमध्ये होडी ठेवलेलं एखादं निवृत्त जोडपं एप्रिलमध्ये येऊन ऑक्टोबरमध्ये परतत असे. आता त्यांना मोसम अर्ध्यावर सोडावा लागतो. पूर्वी मधले दिवस काढायला क्रोएशिया होता, पण १ जानेवारी २०२३ ला तोही शेंगेनमध्ये गेला. उरले तुर्कस्तान, अल्बेनिया, मॉन्टेनेग्रो, आणि उत्तरेकडच्यांसाठी आयर्लंड. याउलट युरोपीय नागरिकाला ब्रिटन पाहुणा म्हणून सहा महिन्यांपर्यंत राहू देतं. या विसंगतीवर तोडगा आहे आणि तो प्रत्येक देशाच्या हातात आहे. दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा देण्याचा अधिकार सदस्य देशांकडेच आहे आणि फ्रान्स तसा सहा महिन्यांपर्यंतचा व्हिसा पाहुण्यांना देतोही. ज्यांना खरोखर सहा महिने राहायचं आहे त्यांनी तो अर्ज करावा, आणि ग्रीस, स्पेन, पोर्तुगाल या देशांनी तो सोपा करावा. फ्रान्समध्ये स्वतःचं दुसरं घर असलेल्या ब्रिटिशांना असा व्हिसा आपोआप मिळावा म्हणून संसदेत दुरुस्ती झाली होती, पण जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या घटना परिषदेनं ती रद्द केली. म्हणजे सर्वांना सरसकट सूट हा मार्ग सोपा नाही. अर्जाचा मार्ग खुला आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

प्लिमथ किंवा फाल्मथहून निघालेली होडी इंग्लिश खाडी ओलांडून ब्रेतान्य प्रांताच्या वायव्य टोकाला लागते, ती पिढ्यान् पिढ्या लाबेर-व्राक या खाडीच्या तोंडाशी. शंभर सागरी मैलांच्या आसपासचं अंतर. पाच-सहा नॉटच्या, म्हणजे तासाला पाच-सहा सागरी मैलांच्या, वेगानं जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र. बहुतेक वेळा होडीवर माणसं दोनच. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं सुकाणू धरायचं, आणि वाटेत जगातल्या अतिशय गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक ओलांडायचा. पहाटे किनाऱ्याचे दिवे दिसतात तेव्हा दोघांनाही एकच गोष्ट हवी असते, नांगर टाकायला शांत पाणी.

पण लाबेर-व्राक हे बाह्य सीमेचं ठरवून दिलेलं बंदर नाही. ती बंदरं वेगळी. पूर्वेला रोस्कॉफ आहे, दक्षिणेला ब्रेस्ट. रोस्कॉफ म्हणजे आणखी अर्ध्या दिवसाची वाट. ब्रेस्टला जायचं तर वेसाँ बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या वाहिनीतून जावं लागतं. तिथे ओढीची, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहाची, वेळ चुकली तर छोट्या इंजिनाची होडी जागची हलत नाही. वारा ओढीच्या उलट असेल तर लाटा अशा उभ्या राहतात की अनुभवी माणूसही मागे फिरतो. ऑल्डर्नी बेट आणि ला हेगचं भूशिर यांच्यामधला प्रवाह उधाणाच्या दिवसांत नऊ-दहा नॉटपर्यंत धावतो, म्हणजे होडीच्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट. सेंट मालोच्या आखातात भरती आणि ओहोटीतला फरक बारा मीटरवर जातो. मुंबईत मोठ्या उधाणालाही तो पाच मीटरच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. त्या किनाऱ्यावरच्या कित्येक बंदरांत भरतीच्या आगेमागे दोन-तीन तासच शिरता येतं, एरवी तोंडाशी चिखल आणि खडक. कोकणातला कुणीही नाखवा हे एका वाक्यात समजून घेईल. ओहोटीला खाडीत शिरायचा हट्ट करायचा नसतो, मग किनाऱ्यावर कोणीही वाट पाहत असो.

अशा पाण्यात ‘अमुकच बंदरात, कार्यालयाच्या वेळेत, आधी कळवलेल्या दिवशी या’ असं सांगणं म्हणजे माणसाला चुकीच्या वेळी समुद्रात ढकलणं. निघतानाचा प्रसंग याहून वाईट. निर्गमाची नोंद झाली की लवकर निघून जायचं अशी अपेक्षा असते. नोंद दुपारी झाली आणि संध्याकाळी हवामानखात्यानं वादळी वाऱ्याचा इशारा दिला, तर कागदावर माणूस युरोपबाहेर गेलेला आहे आणि प्रत्यक्षात बंदरातच बांधलेला आहे. त्यात तो नव्वदावा दिवस असेल तर? आणीबाणीच्या परिस्थितीत मुदतवाढ देण्याची तरतूद कायद्यात आहे हे खरं. पण ती मागायला परक्या भाषेत, दुसऱ्या शहरातल्या कार्यालयाचं दार ठोठवावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत आपण नियम मोडला की नाही हे माणसाला कळत नाही. अशा वेळी मनात येतं की निघूनच जाऊ, होईल काहीतरी. समुद्रावर माणसं बुडतात ती बऱ्याचदा याच विचारानं, ‘आज पोचायलाच हवं’ या घाईनं.

इथे दोन कायदे समोरासमोर येतात. सागरी सुरक्षेच्या सोलास करारातल्या पाचव्या प्रकरणाचा चौतिसावा नियम हौशी होड्यांनाही लागू आहे. ब्रिटिश कायद्यानुसार स्किपरनं, म्हणजे होडीच्या कप्तानानं, निघण्यापूर्वी हवामान, भरती-ओहोटी, होडीच्या आणि माणसांच्या मर्यादा, आणि बेत फसला तर जवळचं सुरक्षित बंदर कोणतं, याचा विचार करून आराखडा आखायलाच हवा. एक कायदा सांगतो, परिस्थिती पाहून बंदर बदला. दुसरा सांगतो, बंदर बदलू नका. जिवाचा प्रश्न येईल तिथे पहिला कायदा वरचढ ठरायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि युरोपच्या कायद्यालाही ते मान्य आहे. २०१६ च्या शेंगेन सीमा संहितेच्या सहाव्या जोडपत्रात हौशी होड्यांसाठी स्वतंत्र कलमं आहेत. संघाबाहेरून येणारी होडी अपवाद म्हणून सीमाबंदर नसलेल्या बंदरातही शिरू शकते, असं तिथे लिहिलं आहे. होडीवरच्या माणसांनी बंदर कार्यालयाला कळवायचं, होडीवर कोण-कोण आहेत त्याची यादी द्यायची, आणि बंदर कार्यालयानं जवळच्या सीमाबंदराला वर्दी द्यायची. इतकं साधं. दार आधीच ठेवलेलं आहे, फक्त ते उघडायचं की नाही हे प्रत्येक देश आणि कधी कधी प्रत्येक जिल्हा आपापल्या परीनं ठरवतो. नॉर्मंडी आणि ब्रेतान्यच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी बंदर कार्यालयामार्फत आगाऊ अर्ज ई-मेलनं पाठवण्याचे प्रयोग झाले. त्यांतून सीमा कोसळली नाही. असे प्रयोग कायमचे आणि सगळ्या किनाऱ्यावर एकसारखे व्हावेत, एवढीच माझी मागणी आहे.

तंत्राची अडचण पुढे केली जाते. ठसे आणि छायाचित्र घेणारी यंत्रं प्रत्येक छोट्या बंदरात कशी बसवणार? बसवू नका. युरोपची सीमासंस्था फ्रंटेक्स हिनंच एक मोबाइल ॲप तयार केलं आहे. त्यात प्रवासी सीमेवर पोचण्याआधी ७२ तासांच्या आत पासपोर्टचा तपशील आणि चेहऱ्याचं छायाचित्र भरू शकतो. हे ॲप छोट्या बंदरांसाठी खुलं करा, ठसे पुढच्या मोठ्या बंदरात घ्या, किंवा महिन्यातून काही वेळा फिरतं पथक पाठवा. पाणी आणि हवामान कसं आहे हे बंदरातल्या कार्यालयातल्या माणसाला मिनिटागणिक माहीत असतं. सीमेच्या कामात त्याला सामील करून घेणं हाच शहाणपणा.

होडीवरची माणसं बदलतात, हा प्रश्न तर कुणाच्या ध्यानातच आलेला दिसत नाही. समजा एकजण विमानानं ॲमस्टरडॅमला उतरला. विमानतळावर त्याची प्रवेशनोंद झाली. मग तो एखाद्या डच बंदरात मित्राच्या होडीवर चढला आणि दोन आठवड्यांनी होडी इंग्लंडला परतली. निघताना ती नोंद बंद झाली नाही, तर संगणकाच्या लेखी तो माणूस अजून युरोपातच आहे. शाईच्या काळात एखादा समजूतदार अधिकारी पासपोर्ट चाळून मार्ग काढत असे. आता यादी आपोआप तयार होते आणि मुदत उलटलेल्यांत त्याचं नाव येतं. समुद्रमार्गे माणूस नेमका कधी देश सोडतो, हा प्रश्न युरोपच्या न्यायालयासमोरही आलेला आहे. रॉटरडॅमच्या बंदरात लांब मुक्कामाला असलेल्या जहाजांवर रुजू होणाऱ्या खलाशांना निर्गमाचा शिक्का कधी द्यायचा, असा तो वाद होता. खलाशी जहाजावर चढल्यावर लगेच शिक्का द्यायचा नाही, जहाज खरोखर निघण्याच्या बेतात आल्याचं कप्तान कळवेल तेव्हा द्यायचा, असा निकाल फेब्रुवारी २०२० मध्ये लागला. न्यायालयानं कागदापेक्षा प्रत्यक्षाला महत्त्व दिलं. शिडाच्या होडीलाही हाच न्याय लागायला हवा.

सुरक्षेचा मुद्दा मी टाळणार नाही. महाराष्ट्रातल्या माणसाला तो टाळताच येत नाही. १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली आणि त्यांनी मुंबई हादरली. २६ नोव्हेंबर २००८ ला ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आलेले दहशतवादी रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. लहान होडी आणि दुर्लक्षित किनारा मिळून काय होऊ शकतं हे आपण पाहिलं आहे. इंग्लिश खाडीत तर रबरी होड्यांतून जीव धोक्यात घालून येणाऱ्या स्थलांतरितांचा प्रश्न रोजचा आहे. २०२२ या एका वर्षात ४५ हजारांहून अधिक माणसं तशी ब्रिटनला पोचली, आणि कित्येक बुडालीही. तेव्हा लहान होड्यांवर लक्ष ठेवायलाच हवं. प्रश्न ते कसं ठेवायचं हा आहे. २६/११ नंतर आपल्याकडे मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं दिली गेली, होड्यांना राज्यागणिक रंग ठरले, किनाऱ्यावर रडार उभे राहिले, आणि गावोगावच्या कोळ्यांना सागर रक्षक दलात घेतलं गेलं. यातलं सर्वांत मोलाचं शेवटचं, कारण अनोळखी होडी कोळ्याला जितक्या पटकन कळते तितकी रडारला कळत नाही. जो माणूस आधी कळवतो, नाव-पासपोर्ट देतो आणि कुठे, कधी येणार ते सांगतो, त्याला अडवून बसण्यात मनुष्यबळ खर्च होतं आणि न कळवता येणाऱ्याकडे बघायला कुणी उरत नाही. कळवणाराही खोटं बोलू शकतो, म्हणून अचानक तपासणी हवीच. पण कळवणं सोपं असेल तरच माणसं कळवतील. अवघड केलं तर थकलेला, एरवी कायदा पाळणारा माणूससुद्धा कळवायचं टाळेल. मग किनाऱ्यावर कोण आलं हे कुणालाच कळणार नाही.

इथे आपल्याकडचे वाचक म्हणतील, आम्ही तर कायमच रांगेत उभे आहोत, ब्रिटिशांचं दुःख आम्ही का वाहायचं? प्रश्न रास्त आहे. समजा, साउदॅम्प्टनहून शेरबूरला निघालेल्या एका होडीवर तिघं आहेत. होडीचा मालक इंग्रज. दुसरा स्विंडनमध्ये राहणारा गोंयकार. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांमुळे त्यानं पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेलं. तिसरी पुण्याची, लंडनमध्ये नोकरी करणारी, भारतीय पासपोर्टवर. वारा तिघांना एकच, लाटा त्याच. शेरबूरला गोंयकार युरोपीय नागरिक म्हणून उतरतो, त्याचे दिवस कुणी मोजत नाही. इंग्रज मालक आपल्या नव्वदातला एक दिवस खर्च करतो. पुण्याच्या मुलीनं मात्र काही आठवडे आधी बँकेची स्टेटमेंट्स, नोकरीचं पत्र, ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा विमा आणि ९० युरोंचं शुल्क देऊन शेंगेन व्हिसा काढलेला असतो. तो काढताना ‘कोणत्या दिवशी, कोणत्या देशातून प्रवेश करणार’ हेही तिला लिहून द्यावं लागतं, जे शिडाच्या होडीवरून जाणारं कोणीही खात्रीनं सांगू शकत नाही. म्हणजे छोट्या बंदराची सोय झाली तर सर्वांत मोठा दिलासा तिलाच मिळेल. ही मागणी ब्रिटिश पासपोर्टपुरती मर्यादित ठेवू नये, असं मी म्हणतो ते म्हणूनच. पाण्यावरून येणारं कोणतंही माणूस असो, होडीवरची यादी एकच असावी आणि तिच्यात सगळ्यांची नावं असावीत.

इंग्रजांनीच मत दिलं, आता भोगू द्या, असंही म्हटलं जातं. मला हा सूर आवडत नाही. ४८ टक्के मतदारांनी उलट मत दिलं होतं, बेटांना विचारलंच गेलं नाही, आणि स्पेनच्या दक्षिण टोकाशी असलेल्या ब्रिटिश जिब्राल्टरमध्ये तर जवळजवळ ९६ टक्के लोकांनी संघात राहण्याच्या बाजूनं मत दिलं. शिवाय वादळात दिशा चुकलेल्या होडीला कोणत्या बाजूला मत दिलं हे कुणी विचारत नाही. आणि हौशी नौकानयन म्हणजे श्रीमंतांचा खेळ, हा समजही अर्धाच खरा आहे. भूमध्य समुद्रातल्या चकचकीत यॉट्सच्या मालकांकडे कागद सांभाळायला पगारी माणसं असतात. त्रास होतो तो आठ-नऊ मीटरच्या, तीस-चाळीस वर्षं जुन्या होड्यांवर फिरणाऱ्या निवृत्त शिक्षकांना, परिचारिकांना, तरुण जोडप्यांना. आणि त्यांच्या येण्यावर ज्यांचं हॉटेल, बेकरी, शिडं शिवायचं दुकान चालतं त्या पलीकडच्या गावांनाही.

ब्रिटनही यात धुतल्या तांदळासारखं नाही. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे बहुतेक युरोपीय नागरिकांचं ओळखपत्र चालत नाही, पासपोर्ट लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून शुल्क भरून आगाऊ परवानगीही घ्यावी लागते. एका फ्रेंच कुटुंबाला ऑल्डर्नीला दोन दिवस जायचं तर घरातल्या सगळ्यांची तयारी आधी करावी लागते. जर्सीनं २०२३ मध्ये फ्रेंच दिवसभराच्या पाहुण्यांना नुसत्या ओळखपत्रावर येऊ देण्याची सोय केली, ती म्हणूनच कौतुकाची. आपल्या देशाचंही सांगायला हवं. ई-व्हिसावर भारतात समुद्रमार्गे येता येतं ते मुंबई, मुरगाव, कोची अशा मोजक्या बंदरांतच. आणि या बंदरांत शिरणाऱ्या परदेशी शिडाच्या होडीला इमिग्रेशन, कस्टम आणि बंदर अशा तीन खात्यांकडे फेऱ्या माराव्या लागतात. उद्या कोकणात मरीना उभारायच्या गप्पा होतील, तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारात येणार आहे.

पण ब्रिटनची एक पद्धत चांगली आहे आणि ती युरोपनं उचलावी. २०२२ पासून ब्रिटनमधून परदेशी जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रत्येक हौशी होडीनं २४ तास ते २ तास आधी ऑनलाइन अहवाल देणं बंधनकारक आहे. होडी, माणसं, पासपोर्ट, निघण्याची आणि पोचण्याची जागा, सगळं त्यात येतं. न कळवल्यास दंड आहे. मात्र अमुकच बंदरात या असा आग्रह नाही. जिथे सुरक्षित वाटेल तिथे या, तपासणी बाकी असल्याची खूण म्हणून पिवळा झेंडा चढवा, अधिकाऱ्याला तपासायचं असेल तर तो येईल. सीमा तशीच राहते, फक्त ती किनाऱ्यावर एका बिंदूत कोंडलेली नसते. ही माहिती युरोपीय यंत्रणेला त्याच वेळी मिळाली तर एकदा भरलेला अर्ज दोन्हीकडे चालेल. ज्यांना एकमेकांवर एवढा विश्वास ठेवायचा नाही त्यांनी निदान अर्जाचा नमुना तरी एक करावा.

राजकीय इच्छा असेल तर काय होतं ते मे २०२५ मध्ये दिसलं. १९ मे रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाची शिखर परिषद झाली. युरोपीय मासेमारी नौकांना ब्रिटिश पाण्यात २०३८ पर्यंत प्रवेश मिळाला, आणि मांस, दूध, भाजीपाला यांच्या व्यापारातल्या तपासण्या कमी करण्याच्या वाटाघाटी ठरल्या. पुढच्याच महिन्यात जिब्राल्टरच्या सीमेवरही तोडगा निघाला. तिथली तपासणी जमिनीवरच्या कुंपणावरून उचलून विमानतळ आणि बंदरावर न्यायचं ठरलं, जेणेकरून रोज कामाला ये-जा करणाऱ्या हजारो माणसांचा रस्ता मोकळा होईल. मासे आणि मांस यांना करारात जागा मिळते, पण एक दिवस आणि एक रात्र पाणी कापून आलेल्या माणसाला कुठे उतरता येईल याबद्दल एक ओळही नसते, हे मला बोचतं. ब्रिटनमधल्या १८७५ पासूनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशन आणि क्रूझिंग असोसिएशन या हौशी नाविकांच्या संघटनांनी जोर लावायचाच असेल तर तो नव्वदाचे एकशेऐंशी करण्यावर लावू नये. जोडपत्रातलं ते कलम सगळ्या देशांत एकसारखं अमलात यावं यावर लावावा. दिवस वाढवून घेणं हा राजकीय सौदा आहे, त्याला वर्षं लागतील. छोट्या बंदराचं दार उघडणं हे प्रशासकीय काम आहे, ते येत्या मोसमाआधी होऊ शकतं.

एक गोष्ट तर त्याहूनही लवकर होऊ शकते. निर्गमाची नोंद नसेल तर माणूस मुदत उलटून राहिला असं गृहीत धरता येतं, असं त्याच सीमा संहितेच्या बाराव्या कलमात म्हटलं आहे. पण विश्वासार्ह पुरावा दिल्यास ते गृहीतक मागे घ्यावं, असंही तिथेच लिहिलं आहे. पुराव्याचं उदाहरण म्हणून प्रवासाच्या तिकिटांचा उल्लेख आहे. होडीतून जाणाऱ्याकडे तिकीट नसतं. त्याच्याकडे असतं ते होडीचं लॉगबुक, परतल्यावर इंग्लंडच्या बंदरात भरलेल्या रात्रभाड्याची पावती, आणि ब्रिटिश सरकारकडे केलेल्या ऑनलाइन अहवालाची पोच. सीमाअधिकाऱ्यांसाठी युरोपीय आयोग जी मार्गदर्शक पुस्तिका काढतो, तिच्यात हे तीन कागद तिकिटाच्या बरोबरीनं मान्य धरावेत अशी एक ओळ घालावी. आणि मुदत उलटलेल्यांच्या यादीत ज्यांची नावं केवळ बंदरात नोंद घ्यायला कुणी नव्हतं म्हणून चढली आहेत, त्यांना हे कागद पाठवून नाव कमी करून घेता येईल असा एक पत्ता द्यावा.